गार हातांचे भिडू

येरवडा, पुणे
८ डिसेंबर २०२४

प्रिय मित्र शकील यास,
सप्रेम जय भीम.

उशिराबद्दल माफ कर. तुझं बकरी ईदचं कार्ड जूनमध्ये आलं आणि मी उत्तर डिसेंबरात लिहायला बसलोय. रोज सकाळी ठरवायचो, आज लिहू. मग चष्मा सापडायचा नाही. चष्मा सापडला की पेन चालायचं नाही. शालन म्हणाली, "अहो, एवढ्या वेळात माणूस मिरजेला चालत जाऊन परत आला असता." तिला काय सांगू? खरं कारण तुलाही लिहीत नाही, उगाच तुझ्या डोक्याला ताप नको. म्हणजे कारण तसं काही नाहीच. चष्माच.

फोन करावा तर तुझ्या कानांचं हे असं. मागच्या वेळी मी ओरडून ओरडून तुझी तब्येत विचारली. ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, तुला सोडून. नात निकिता म्हणते, "आजोबा, मी अर्शियाआत्याच्या मोबाईलवर मेसेज टाकते." म्हणजे ते दोन्हीकडच्या घरांनी वाचायचं. त्यापेक्षा पत्र बरं.

मुद्द्याचं लिहितो. आमच्या मंडळाने २६ जानेवारीला कॅरमचे सामने ठेवलेत. साठीपुढच्यांची दुहेरी वेगळी आहे. मंडळाचा सेक्रेटरी संतोष दारात येऊन म्हणाला, "काका, तुमचं आणि शकीलकाकांचं नाव टाकू ना?" मी म्हटलं, विचारून सांगतो. हडपसरच्या कारखान्यात एकतीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत आपण बोर्डाच्या दोन बाजूंना बसलो. आता दुसऱ्या कुणाचं तोंड समोर बघून मला खेळता यायचं नाही.

पण तू अजून रागावलेला आहेस का? दोन वर्षांपूर्वीच्या फायनलला तू राणी घेतलीस आणि तिच्यावरचं कव्हर चुकलास. राणी परत बोर्डावर गेली, आपण हरलो. मी एक शब्द बोललो नव्हतो. पुढच्याच आठवड्यात तू लेकीकडे मिरजेला निघालास आणि स्टेशनवर हात खिशातून काढला नाहीस. आपली रीत काय? डाव जिंकला काय, हरला काय, भोंगा व्हायच्या आत बोर्डावरून हात मिळवायचा. एकतीस वर्षांत चुकलं नव्हतं, ते त्या दिवशी चुकलं. मीही हात पुढे केला नाही, हे खरं. पण तूही केला नाहीस. मी रोज त्याचाच विचार करतो.

अक्षर वाकडं आलंय. अंगठ्याला चिंधी बांधली आहे. थंडीच्या भेगा, बाकी काही नाही.

तुझा,
दशरथ


मिरज
१५ डिसेंबर २०२४

दोस्त दशरथ,
सलाम आणि जय भीम.

पाकीट उघडलं तशी अर्शिया म्हणाली, "अब्बा, हे पत्र दवाखान्यातून आलंय का?" वास तसाच येत होता. तू काय, पत्र जंतुनाशकात बुडवून वाळत घातलंस? पाकिटावरचा शिक्का पुसट आहे, तरी नऊ तारीख मी वाचली. म्हणजे लिहून झाल्यावर एक दिवस टाकावं की नको यात घालवलास. बदलला नाहीस.

मी रागावलेलो नाही. रागावला होतास तू. कव्हर माझ्याकडून चुकलं. सोंगटी भोकाच्या तोंडाशी होती, निकितानेसुद्धा घेतली असती. स्टेशनवर तुझे हात खिशात बघितले आणि म्हटलं, बरोबर आहे, एवढा सोपा फटका घालवणाऱ्याशी कोण हात मिळवेल. तर मीही आपले ठेवले खिशातच.

सामन्याला मात्र येत नाही. माझी नजर गेली. राणी कुठली आणि काळी सोंगटी कुठली, कळत नाही. तू मंडईतल्या धोंडिबाला भिडू घे. माणूस बडबड्या आहे, पण नेम चांगला आहे.

वहिनींना सलाम. अंगठ्याला खोबरेल लाव.

शकील


येरवडा
२२ डिसेंबर २०२४

प्रिय शकील,

नजर गेली म्हणतोस आणि पुसट शिक्का वाचतोस. माझं शिक्षण सातवी नापास, पण एवढं कळतं. तू काहीतरी लपवतोयस. लपव. मी पण लपवत होतो. आता सांगतो, कारण माझ्याने एकट्याने ते ओढवत नाही. हे पत्र वाचून फाडून टाक.

माझी बोटं मरतायत, शकील. थंड पाण्यात हात गेला की बोटं पांढरी पडतात. खडूसारखी. टाचणी टोचली तरी कळत नाही. मग निळी होतात, मग लालभडक, आणि तेव्हा अशा मुंग्या येतात की दारामागे जाऊन दात दाबून उभा राहतो. हे तीन वर्षांपासून आहे. आधी करंगळीला होतं, आता अंगठा सोडून सगळ्यांना. यंदा भेगाही पडल्या. काल शर्टाचं बटण लावताना बोट फुटलं आणि शर्टाला डाग लागला.

तुला कळलं असेल मी काय समजलो. बधिर बोटं, पांढरी कातडी. आमच्या लहानपणी वस्तीत एक म्हातारा होता, महारोगी. त्याला भाकरी लांबून टाकायचे. शकील, घरात नात आहे. म्हणून मी माझं ताट-पेला वेगळा केला. हात दिवसातून दहा-बारा वेळा कढत पाण्याने, कपड्याच्या साबणाने धुतो, वर जंतुनाशक चोळतो. शेवटी कॅरमची बोरिक पावडर लावतो, कोरडं राहिलं तर पसरणार नाही म्हणून. तरी वाढतंच आहे.

स्टेशनवर माझे हात खिशात होते ते या कारणाने. त्या दिवशी सकाळची थंडी होती, चारी बोटं पांढरी. तुला लागण झाली असती तर? एकतीस वर्षांच्या भिडूला मी जाताना हे देऊ? रागाचा त्यात लवलेश नव्हता.

पत्र उशिरा का लिहिलं, तेही कळलं असेल. चार ओळी लिहिल्या की पेन हातात आहे की नाही ते बघावं लागतं. शिवाय मी हात लावलेला कागद तुझ्या घरात जाणार, ही भीती होतीच.

दवाखान्यात जायचा धीर होत नाही. डॉक्टरने तोंडावर सांगितलं तर शालनला काय सांगू? तू सांग, मी काय करू.

दशरथ


मिरज
२७ डिसेंबर २०२४

अरे मूर्खा,

सलाम नंतर. आधी शिव्या. तुझं पत्र वाचून मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की अर्शियाचा मुलगा शहाबाज पाळण्यात जागा झाला. तीन वर्षं! आणि मला सांगितलं नाहीस!

आता माझं ऐक. माझीही बोटं पांढरी पडतात. खडूसारखी, मग निळी, मग लाल. माझीही सुरुवात करंगळीपासून. फायनलला कव्हर का चुकलं? नजरेमुळे नाही रे. सकाळचे आठ वाजले होते, मांडवात वारा होता, स्ट्रायकर बोटाखाली आहे हेच मला कळेना. मी अंदाजाने मारला. स्टेशनवर माझे हात खिशात का होते, आता तूच लिही.

मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू दुसरा भिडू शोधला नसतास आणि माझ्यापायी घरी बसला असतास. म्हणून नजरेचं नाव सांगितलं. नजर उत्तम आहे. सुईत दोरा अजून मीच ओवतो. म्हणजे हात गरम असले तर.

इथे आल्यावर अर्शिया मला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. हा महारोग नाही. याला रेनॉड म्हणतात. थंडी लागली की बोटांतल्या रक्ताच्या बारीक नळ्या गपकन आवळतात, रक्त पोचत नाही, म्हणून बोट पांढरं. डॉक्टरने विचारलं, कामधंदा काय होता? मी म्हटलं, ओतकामाचे तुकडे हातातल्या ग्राइंडरने घासायचो. तो म्हणाला, मग बरोबर, त्या थरथरीनेच झालंय. तुझा ग्राइंडर माझ्या शेजारीच होता ना? मग तुझंही तेच असणार. पण मी डॉक्टर नाही. मुकाट्याने दवाखान्यात जा. निकिताला बरोबर ने, नाहीतर तू दारातून परत फिरशील.

तोपर्यंत ते कढत पाणी बंद कर. मी नमाजाआधी पाच वेळा वजू करतो, थंड पाण्याने हात अगदी फुटून गेले होते. आता अर्शिया कोमट पाणी ठेवते. हात टिपून पुसायचे, चोळायचे नाहीत, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करायच्या आणि ओलसर आहेत तोवर घट्ट मलम लावायचं. झोपताना मलमावर सुती मोजे. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण नवरदेव झालो.

आणि ताट परत सगळ्यांच्यात ठेव.

तुझा गाढव भिडू,
शकील


येरवडा
९ जानेवारी २०२५

प्रिय शकील,
सप्रेम जय भीम. नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

महारोग नाही! हे आधी लिहितो, बाकी नंतर. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग स्वतःच मोठ्याने शालनला वाचून दाखवलं. ती ऐकून उठली, माझं वेगळं ताट मोरीवरून उचललं आणि म्हणाली, "चार महिने मी हे वेगळं घासतेय. मला वाटलं, म्हातारपणी सोवळं पाळायला लागलात." मग पदराने डोळे पुसले आणि पुन्हा सुरू झाली. जेवण होईपर्यंत थांबली नाही. मी सगळं ऐकून घेतलं. इतकी गोड बोलणी मी लग्नातसुद्धा ऐकली नव्हती.

निकिता मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई वयाने लहान. त्यांनी मनगटाची नाडी बघितली, नखं बघितली, रक्त घेतलं. विचारलं, "काका, मशीन किती वर्षं धरलं?" मी म्हटलं, "एकतीस." "हात थरथरायचे?" मी सांगितलं, "घरी गेल्यावर कपबशी वाजायची. बायकोला बेल लागायची नाही, मी आलो हे चहा हातात घेतला की कळायचं." त्या हसल्या. मग भेगा बघून त्यांनी विचारलं, "हे कशाने धुता?" मी खरं ते सांगितलं. साबण, कढत पाणी, जंतुनाशक, बोरिक पावडर. बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, निम्मं आजाराने केलंय, निम्मं तुम्ही." मग म्हणाल्या, "आणि महारोग असता तरी काय? गोळ्यांनी बरा होतो. ताट वेगळं करायचं काहीच कारण नाही." मला त्या वस्तीतल्या म्हाताऱ्याची आठवण झाली. त्याच्यासाठी वाईट वाटलं.

मलम तूच सांगितलंस तसं. अंग गरम ठेवायचं, नुसते हात नाही. बोट पांढरं पडलं की हात काखेत घालायचे किंवा कोमट पाण्यात. शेकोटीवर धरायचे नाहीत, बधिर बोट भाजलं तर कळतही नाही. भेग चिघळली किंवा बोट काळं दिसलं तर लगेच दवाखान्यात. आणि बिडी बंद. हे शेवटचं ऐकून मी बाईंकडे असं बघितलं की निकिताच म्हणाली, "डॉक्टर, बंद झाली समजा." सहा दिवस झाले. चिडचिड होते. शालन म्हणते, फरक कळत नाही.

आता एक फजिती. मलमाने बोटं इतकी मऊ झाली की मला वाटलं, सरावाला जाताना जरा जास्तच लावू. मंडळाने सामन्यासाठी नवा कोरा बोर्ड आणलाय. मी ब्रेक घेतला. स्ट्रायकर चार बोटं गेला आणि तिथेच बसला. बोर्डभर माझ्या हाताचे तेलकट ठसे, त्यांवर बोरिक पावडर चिकटून कणीक झाली. संतोष बोर्डाकडे बघत म्हणाला, "काका, खेळायला आलात की थालीपीठ लावायला?" दोन दिवस मला बोर्डापाशी बंदी होती. आता मलम घरी आल्यावर. खेळायच्या आधी कोमट पाणी आणि कोरडा रुमाल.

हातमोजेही झाले. शालनने लोकरीच्या जुन्या मोज्यांची टोकं कापून शिवली, बोटांची पेरं तेवढी उघडी. दोन जोड्या केल्यात. दुसरी कुणासाठी, हे ती सांगत नाही. खडेमीठ भाजून तिने फडक्यात बांधलं, ती पुरचुंडी खिशात ठेवून बघितली. दोन डाव ऊब राहते.

पण शकील, ऐन वेळी बोटं पांढरी पडली तर? दोघांचीही एकदमच पडली तर? लोक हसतील. रोज सकाळी उठून मी आधी बोटंच बघतो. तू येशील का ते सांग, नाव द्यायची शेवटची तारीख वीस आहे. नाही म्हणालास तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी रागावणार नाही.

दशरथ


मिरज
१४ जानेवारी २०२५

दशरथ,
नाव टाक. पंचवीसला दुपारी पोचतो. मीठ जास्त भाजायला सांग, पण पुरचुंडी आधी गालाला लावून बघ. आपल्या बोटांचा भरवसा नाही. लोक हसले तर मला ऐकू येणार नाही, तुझं तू बघ.
शकील


येरवडा
२९ जानेवारी २०२५

प्रिय शकील,
सप्रेम जय भीम.

काल तुझी गाडी सुटली आणि आज मी लिहायला बसलो. शालनने कॅलेंडर बघितलं, मग मला बघितलं.

सामन्यात तू समोर बसला होतास, पण तुला ऐकू काय आलं आणि काय नाही, कोण जाणे. म्हणून लिहून ठेवतो.

पहिल्या सामन्याला धोंडिबाने माझ्या मांडीवरची पुरचुंडी बघितली आणि ओरडला, "पंच! हे काय बांधून आणलंय? मंतरलेलं आहे काय?" मला इतका राग आला. म्हटलं, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मुलगा आहे मी. मंतरलेलं तुझ्या घरी." संतोषने सगळ्यांसमोर गाठ सोडली. आत खडेमीठ. धोंडिबाने खात्री करायला पुरचुंडी हातात घेतली आणि पूर्ण डावभर परतच दिली नाही. त्याचीही बोटं गारठली होती. हरला तेव्हा म्हणाला, "वहिनींना माझ्यासाठी एक बांधायला सांग." मंडईतून वाल घेऊन येणार आहे.

दुसरा सामना. तू राणी घेतलीस. कव्हर भोकाच्या तोंडाशी, अगदी त्या फायनलसारखं. तू हात पुढे केलास आणि मला तुझ्या मधल्या बोटाचा रंग दिसला. त्या फायनललाही मी समोरच बसलो होतो, पण तेव्हा मी तुझ्या बोटाकडे बघितलंच नव्हतं, सोंगटीकडे बघत होतो. भिडूशी बोलायची मनाई आणि बोललो असतो तरी तुझ्यापर्यंत पोचलं नसतं. म्हणून मी नुसते माझे दोन्ही हात काखेत घातले आणि तुझ्याकडे बघत बसलो. तू बघितलंस. तूही घातलेस. दोन म्हातारे बोर्डाच्या दोन बाजूंना काखेत हात घालून गप्प. मांडव हसायला लागला. संतोष म्हणाला, "काका, रुसलात काय दोघं?" मी म्हटलं, "रक्त यायचं आहे. येतंय, थांब." त्याने घड्याळाकडे बघितलं, मग ते खिशात टाकलं. समोरच्या दोघांनीही हरकत घेतली नाही, भले लोक.

आणि मग तुझं बोट गुलाबी झालं. तू मारलास. मला सोंगटी पडल्याचा आवाज आला, तुला आला नाही. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. माझ्या तोंडावर काय होतं, ते तूच मला लिहून कळव, कारण शालन म्हणते ते ती सांगू शकत नाही.

फायनल आपण सात गुणांनी हरलो. दोन वर्षांपूर्वी हरलो तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं. या वेळी मी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि तू चार. निकिताने मोजल्या.

आता काळजीचं. काल स्टेशनवर तू डब्याच्या दारात उभा राहिलास आणि हात पुढे केलास. मी मोजे काढले, तूही काढलेस, कारण मोज्यावरून हात मिळवला तर तो आपल्या रीतीत बसत नाही. तुझा हात गार, माझाही गार. कुणाचा जास्त, ते गाडी हलेपर्यंत ठरलं नाही. तेवढ्या वेळात तुझे मोजे मीच धरले होते. घरी येऊन खिशात हात घातला तर चार मोजे! म्हणजे तू मिरजेपर्यंत उघड्या हातांनी गेलास. खिडकी बंद केली होतीस ना? की पान तंबाखूवाल्यांनी उघडी ठेवली? सकाळपासून मला दुसरं काही सुचत नाही.

तुझी जोडी या पत्राबरोबर पाकिटात घातली आहे. धुऊन, वाळवून. कसलाही वास येणार नाही. पोचायला चार दिवस लागतील. तोपर्यंत हात काखेत ठेव आणि मलम विसरू नकोस. आणि मोज्यांची वाट न बघता दोन ओळी टाक, बोटं शाबूत आहेत एवढं लिहिलंस तरी पुरे. आजच टाक. सहा महिने लावायचं काम माझं आहे, तू ते करू नकोस.

तुझा भिडू,
दशरथ